जनुककोशातला आंबेमोहोर नेमका कोणता? भाताच्या संग्रहातली विविधता मार्करने तपासण्याची पद्धत

महाराष्ट्रातल्या भाताच्या कुठल्याही मोठ्या संग्रहाची यादी उघडा. आंबेमोहोर एकदाच सापडला तर नवल. मुळशीचा, मावळचा, भोरचा, अकोल्याचा. कुठे नुसता ‘आंबेमोहोर’, कुठे ‘आंबेमोहर’, कुठे पुढे एखादा आकडा जोडलेला. यातली किती पाकिटे खरोखर वेगळी आणि किती एकाच बियाण्याची, हे दाणे हातात घेऊन सांगता येत नाही. घनसाळ, रायभोग, जिरवेल, चिमणसाळ, कोळपी या सगळ्यांचे हेच. उलटही होते: एकच वाण तालुका ओलांडला की दुसऱ्या नावाने ओळखला जातो.

हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. जनुककोशातले, म्हणजे वाणांचे बी जतन करणाऱ्या साठ्यातले, प्रत्येक पाकीट सांभाळायला जागा, वीज आणि माणसे लागतात. दर काही वर्षांनी उगवण तपासायची, घसरली की शेतात पेरून नवे बी घ्यायचे. एकच वाण सात नावांनी सांभाळला तर सहापट मेहनत वाया जाते. सात वेगळे वाण एकच समजून एक ठेवला, तर सहा कायमचे जातात. दुसरी चूक सुधारता येत नाही, म्हणून खाली जिथे जिथे शंकेला जागा आहे तिथे मी ‘ठेवा’ याच बाजूने झुकलो आहे.

उदाहरण भाताचे घेतले आहे, कारण त्याचे मार्कर (डीएनएमधल्या, वाण वेगळा ओळखायच्या खुणा) सर्वांत जास्त घासूनपुसून तयार झालेले आहेत आणि आपल्याकडच्या वाणांवर ते थेट चालतात. ज्वारी, तूर, हरभरा यांनाही हीच पद्धत लागू होते; कुठे फरक पडतो ते त्या त्या जागी सांगितले आहे.

आधी निर्णय, मग मार्कर

‘आमच्या संग्रहाची जनुकीय विविधता मोजायची आहे’ हा प्रश्न नव्हे, ही इच्छा झाली. मोजून झाल्यावर तुम्ही काय वेगळे करणार आहात, ते एका वाक्यात कागदावर लिहा. जनुककोशात बहुधा चारपैकी एक उत्तर येते: जुळी पाकिटे शोधून एकत्र करायची आहेत; पैदासकारांना देण्यासाठी मोठ्या संग्रहातून छोटा प्रातिनिधिक संच काढायचा आहे; नव्याने पेरून घेतलेले बी मूळ बियाण्यासारखेच आहे का ते बघायचे आहे; किंवा कुठल्या भागातून संकलन कमी पडले आहे ते शोधायचे आहे.

प्रत्येक उत्तराला वेगळे नमुने, वेगळी रोपसंख्या आणि वेगळे मार्कर लागतात. जुळी शोधायला थोडे पण भरपूर फरक दाखवणारे मार्कर पुरतात. बी बदलले का हे पाहायला एका नमुन्यातली पुष्कळ रोपे तपासावी लागतात. प्रातिनिधिक संचाला एकेका नमुन्याची खोली कमी चालते, पण सगळा संग्रह पंखाखाली यावा लागतो.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. विविधता मोजायला वापरतात ते बहुतेक मार्कर तटस्थ असतात, म्हणजे ते वाणांमधले नाते सांगतात, गुण सांगत नाहीत. गोव्याच्या खाजन शेतीतला कोरगूट किंवा रायगडच्या खारजमिनीतला राता खारे पाणी सोसतो की नाही, हे असे तीस मार्कर लावून कळणार नाही. त्यासाठी केरळच्या खारे पाणी सोसणाऱ्या पोक्कळी भातातून सापडलेल्या पहिल्या गुणसूत्रावरच्या ‘सॉल्टॉल’सारख्या विशिष्ट भागाचे मार्कर वेगळे लावावे लागतात, आणि तरी शेवटी खाऱ्या पाण्यात रोप उभे करून बघावेच लागते.

यादी साफ करा

कंटाळवाणे काम, पण निम्मा निकाल इथेच लागतो. प्रत्येक नमुन्याची पासपोर्ट माहिती एका तक्त्यात आणा: संग्रह क्रमांक, राष्ट्रीय क्रमांक असल्यास तो, स्थानिक नाव जसे सांगितले तसे, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, संकलनाचे वर्ष, देणाऱ्याचा संदर्भ आणि शेवटचे पुनरुत्पादन (पेरून नवे बी घेणे) कधी व कुठे झाले ते. दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोकडून आलेल्या नमुन्यांवर देशी संकलनासाठी ‘आयसी’ आणि परदेशी संकलनासाठी ‘ईसी’ क्रमांक असतो. तो हरवू देऊ नका. दोन पाकिटांचा आयसी क्रमांक एकच निघाला तर एक जुळी जोडी डीएनए न काढताच सापडली.

नावांची शुद्धलेखने एकसारखी करा, पण मूळ नोंद पुसू नका. शेजारी नवा स्तंभ घाला. ‘काळी साळ’ आणि ‘काळसाळ’ एकच असतील, नसतीलही. तो निर्णय आत्ता घ्यायचा नाही.

पुनरुत्पादनाचा स्तंभ बहुतेक ठिकाणी रिकामा असतो. तो भरण्यासाठी जुन्या वह्या आणि जुन्या माणसांना विचारा. एकाच खरिपात शेजारशेजारच्या वाफ्यांत लावलेले दोन नमुने पुढे मार्करवर सारखे निघाले, तर कापणी-मळणीत बी मिसळल्याची शक्यता आधी तपासावी लागते, आणि ही माहिती फक्त त्या वहीत असते.

एका नमुन्यातून किती रोपे?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू.

भात स्वपरागीभवन करणारे पीक आहे. परपरागीभवन साधारण एक टक्क्याच्या आतच. म्हणून पैदास केंद्रातून आलेल्या सुधारित वाणाचे एक रोप सगळ्या पाकिटाचा नमुना म्हणून चालते. गावरान वाणाचे तसे नाही. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाण्यात दोन-चार वेगवेगळ्या शुद्ध ओळी एकत्र नांदत असतात. तुसाचा रंग, कुसळ, फुलण्याचा काळ यांत थोडा फरक असतो आणि शेतकऱ्याला तो चालतो, कित्येकदा हवाच असतो. अशा पाकिटातले एकच रोप घेतले तर तुम्ही वाण मोजत नाही, त्या वाणातली एक ओळ मोजता.

हिशेब सोपा आहे. (अ‍ॅलील म्हणजे डीएनएमधल्या एकाच जागी सापडणाऱ्या वेगवेगळ्या पर्यायांपैकी एक.) एखादा अ‍ॅलील पाकिटातल्या २० टक्के रोपांत असेल आणि तुम्ही १० रोपे घेतली, तर तो पूर्ण हुकण्याची शक्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ११ टक्के. तोच अ‍ॅलील ५ टक्के रोपांत असेल तर १० रोपांत हुकण्याची शक्यता जवळजवळ ६० टक्के. असा दुर्मीळ अ‍ॅलील ९५ टक्के खात्रीने पकडायला ५९ रोपे लागतात. एवढी रोपे प्रत्येक नमुन्याची कुणीच घेत नाही, घेऊही नयेत.

समजा संग्रहात २२० नमुने आहेत. प्रत्येकी ८ रोपे वेगवेगळी तपासली तर १,७६० डीएनए होतात. मार्कर ३६ असतील तर हे काम बहुतेक प्रयोगशाळांच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात प्रत्येक नमुन्याची १० रोपे उगवून प्रत्येकाच्या पानाचा सारख्या मापाचा तुकडा घ्या आणि सगळे एकत्र वाटून एकच डीएनए काढा. पंचिंग मशीनने पानाच्या चकत्या पाडल्या की माप आपोआप सारखे राहते. या मिश्रणात एका मार्करला दोन-तीन बँड (जेलवर उमटणारे डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे) दिसले तर पाकिटात मिश्र ओळी आहेत हे कळते. मात्र प्रमाण कळत नाही, आणि अगदी थोड्या रोपांतला अ‍ॅलील फिका पडून निसटतो. दुसऱ्या टप्प्यात फक्त शंकास्पद जोड्या आणि फार मिश्र निघालेले नमुने घ्या व त्यांची २० ते २४ रोपे एकेकटी तपासा.

अ‍ॅलीलच्या वारंवारतेवर उभे असलेले आकडे हवे असतील तर मिश्रणावरून ते काढू नका. तिथे प्रत्येक नमुन्याचे एक रोप घ्या, त्याचेच बी वेगळे राखा आणि त्या ओळीला स्वतंत्र क्रमांक द्या, म्हणजे डीएनए आणि बी यांची जोडी पुढेही टिकते.

बाजरी, मका, कारळा अशा परपरागी पिकांत प्रत्येक रोप वेगळेच असते. तिथे एका रोपाचा विचारही करू नका. नमुन्यामागे ३० रोपे ही मला किमान वाटते. ज्वारी आणि तूर मधली आहेत. दोन्हींत कीटक-वाऱ्यामुळे बऱ्यापैकी संकर होतो.

मार्कर कोणता?

जुन्या प्रबंधांत आरएपीडी भरपूर दिसेल. १९९० मध्ये आलेली ही पद्धत स्वस्त आणि झटपट होती, पण मशीन बदलले, टॅक पॉलिमरेजची (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या विकराची) कंपनी बदलली की बँड बदलतात. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी ताडून बघण्यासाठी जनुककोश नोंदी ठेवतो, आणि तिथेच हा मार्कर फसतो. एएफएलपी त्याहून भरवशाची, पण किचकट, आणि समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या) आणि विषमयुग्मी (दोन प्रती वेगळ्या) यांतला फरक सहसा दाखवत नाही. आज नवे काम सुरू करताना या दोन्हींकडे वळायचे कारण नाही.

उरतात दोन: एसएसआर आणि एसएनपी.

एसएसआर म्हणजे डीएनएमधल्या दोन-तीन अक्षरांच्या पुनरावृत्तीचे तुकडे. पुनरावृत्ती किती वेळा झाली यावर तुकड्याची लांबी ठरते, आणि एका जागी पाच-दहा वेगवेगळ्या लांब्या सहज सापडतात. भातासाठी ‘आरएम’ नावाने ओळखले जाणारे हजारो एसएसआर उपलब्ध आहेत. २००२ मध्ये एकाच वेळी २,२४० नवे मार्कर प्रसिद्ध झाले. आरएम १ पहिल्या गुणसूत्रावर, आरएम १५४ दुसऱ्यावर, आरएम १९ बाराव्यावर, अशी प्रत्येकाची जागा ठाऊक आहे. बारा गुणसूत्रांवर प्रत्येकी तीन, एकमेकांपासून दूर, असे ३६ मार्कर निवडले तर २००-३०० नमुन्यांच्या संग्रहाला ते पुरेसे होतात. शक्य तिथे तीन अक्षरी पुनरावृत्तीचे निवडा. दोन अक्षरींपेक्षा त्यांचे बँड वाचायला सोपे. आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासांत वारंवार वापरलेले मार्कर आधी घ्या, म्हणजे तुमचे आकडे इतरांच्या शेजारी ठेवता येतील. ज्वारीत हे करून झाले आहे: ३,३६७ नमुन्यांचा जागतिक संग्रह ४१ एसएसआरवर तपासला गेला आणि त्यातून ३८३ नमुन्यांचा संदर्भसंच निघाला.

एसएनपी म्हणजे एका अक्षराचा बदल. बहुतेक वेळा दोनच पर्याय, त्यामुळे एकेकटा एसएनपी फारसे बोलत नाही; त्याची पीआयसी (मार्कर किती फरक दाखवू शकतो याचे माप) ०.३७५ च्या वर जाऊच शकत नाही. पण हजारोंनी मिळतात, लांबी मोजायची नसते, आणि एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीच्या निकालाशी तंतोतंत जुळतो. नमुने ५०० च्या पुढे असतील, बाहेरून जीनोटायपिंग करून घेण्याएवढा निधी असेल आणि संगणकावर बसणारे माणूस असेल तर सरळ एसएनपीकडे जा.

त्यातही एक मेख आहे. तयार चिपवरचे (ठरावीक एसएनपी एकदम तपासणाऱ्या पट्टीवरचे) एसएनपी कुठल्यातरी वाणांमध्ये फरक दाखवतात म्हणूनच निवडलेले असतात, आणि ते वाण बहुधा सुधारित असतात. आपल्या घाटमाथ्यावरच्या गावरान भातात असलेला, पण त्या वाणांत नसलेला फरक त्या चिपला दिसतच नाही. परिणाम उलटा येतो: सुधारित वाण विविध आणि गावरान वाण एकसारखे भासतात. जीबीएस किंवा डार्टसेकसारख्या, डीएनएचे काही भाग थेट वाचणाऱ्या पद्धतींत नमुन्यांमधूनच एसएनपी शोधले जात असल्याने हा पक्षपात बराच कमी होतो. त्याबदल्यात मोकळ्या जागा खूप पडतात, आणि वाचन उथळ असेल तर विषमयुग्मी रोप समयुग्मी म्हणून नोंदले जाते.

छोट्या संग्रहाला, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला किंवा सामुदायिक बीज बँकेला मदत करणाऱ्या गटाला माझा सल्ला अजूनही एसएसआरचाच आहे.

पानापासून डीएनएपर्यंत

बारा-पंधरा दिवसांच्या रोपाचे कोवळे पान घ्या. द्रव नायट्रोजन नसेल तर पान सिलिका जेलच्या पिशवीत वाळवा; संकलनाच्या फेरीत हाच मार्ग सोयीचा. सुमारे १०० मिलिग्रॅम ओले पान पुरते.

सीटॅब पद्धत अजून पहिल्या पसंतीची. बफरमध्ये २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारे साबणासारखे रसायन), १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८) आणि वापरण्याच्या ऐन वेळी मर्कॅप्टोइथेनॉल. पान बारीक पूड करून ६५ अंश सेल्सिअसला ४५ मिनिटे ठेवा, अधूनमधून नळी उलटीसुलटी करा. क्लोरोफॉर्म आणि आयसोअ‍ॅमाइल अल्कोहोल २४:१ प्रमाणात घालून हलक्या हाताने मिसळा, सेंट्रिफ्यूज करा आणि फक्त वरचा थर काढा. मधल्या पांढऱ्या सायीला पिपेटचे टोक लागले की प्रथिने सोबत येतात. थोडा द्रव मागे राहिला तरी चालेल. त्यात थंड आयसोप्रोपॅनॉल घालून नळी सावकाश उलटली की डीएनएचे पांढरे तंतू गुंतत जाताना दिसतात. ते ७० टक्के इथेनॉलने धुवा, वाळवा, टीई बफरमध्ये विरघळवा, आरएनेज (आरएनए नष्ट करणारे विकर) द्या. अगदी कडक वाळवू नका, नाहीतर विरघळायला दिवस जातो. क्लोरोफॉर्म आणि मर्कॅप्टोइथेनॉलचे काम फ्यूम हूडमध्येच करा.

दर्जा दोन प्रकारे बघा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनांचे गुणोत्तर १.८ च्या आसपास हवे. पण एवढ्यावर समाधान मानू नका, ०.८ टक्के अगारोज जेलवर डीएनए चालवून वर एक घट्ट बँड दिसतो की खालपर्यंत ओघळ, हे डोळ्यांनी पाहा. मग सगळे नमुने २५ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरला आणा. ही पायरी घाईघाईत उरकली तर मिश्र डीएनएच्या कामात फिके आणि गडद बँड निरर्थक होतात.

प्लेट आणि पीसीआर

९६ खणांची प्लेट अशी भरा: ८८ नमुने, २ निप्पोनबारे, २ आयआर ६४, ३ पुन्हा घेतलेले नमुने आणि १ नुसते पाणी. निप्पोनबारे जपोनिका आहे (जपोनिका आणि इंडिका हे भाताचे दोन मुख्य प्रकार), त्याचा संपूर्ण जीनोम २००५ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे प्रत्येक मार्करला त्याचा बँड किती लांबीचा यायला हवा ते आधीच कळते. आयआर ६४ इंडिकाच्या बाजूचा साक्षीदार. हे दोन्ही प्रत्येक प्लेटमध्ये असले की जूनमधली आणि डिसेंबरमधली प्लेट एकाच मापाने वाचता येते.

पुन्हा घेतलेले तीन नमुने म्हणजे त्याच डीएनएचा दुसरा थेंब नव्हे. पानापासून पुन्हा काढलेला डीएनए हवा, आणि वाचणाऱ्याला तो कोणता हे माहीत नसावे. यातूनच तुमच्या वाचनातल्या चुकांचा दर निघतो आणि पुढे सगळे त्यावर टेकते.

पीसीआरची (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची) अभिक्रिया १० मायक्रोलिटरची पुरते: २५ नॅनोग्रॅम डीएनए, १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.२ मिलिमोलर डीएनटीपी, दोन्ही प्रायमर (तुकड्याची दोन टोके ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) प्रत्येकी ०.२ मायक्रोमोलर, अर्धा युनिट टॅक. ९४ अंशांना ५ मिनिटे. मग ९४ ला ३० सेकंद, ५५ ला ३० सेकंद, ७२ ला ४५ सेकंद अशी ३५ चक्रे. शेवटी ७२ ला ७ मिनिटे. बरेच आरएम मार्कर ५५ अंशांवर चालतात. नाही चालले तर त्या एका प्रायमरसाठी तापमान बदलून बघा.

बँड वाचणे

तुकड्यांची लांबी मोजणारे कॅपिलरी मशीन मिळाले तर तेच वापरा. प्रायमरला एम १३ ची शेपटी जोडून एकच रंगीत प्रायमर सगळीकडे वापरला की खर्च आटोक्यात राहतो. नाहीतर ६ ते ८ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलमाइड जेल आणि सिल्व्हर स्टेनिंग. तीन टक्के अगारोजवर १० बेसचा फरक कसाबसा दिसतो. दोन-चार बेसचा दिसत नाही, आणि मग वेगळे वाण एकच ठरतात. जुळी शोधायची असतील तर अगारोज टाळा.

दोन अक्षरी एसएसआरला मुख्य बँडच्या खाली दोन-दोन बेसच्या अंतरावर फिक्या पायऱ्या दिसतात. पीसीआर होताना पॉलिमरेज घसरते त्याची ही खूण, अ‍ॅलील नव्हे. सगळ्यांत गडद आणि सर्वांत वरचा बँड धरा. निप्पोनबारेच्या खणात पायऱ्यांचा नमुना कसा दिसतो ते आधी पाहून ठेवले की मिश्र पाकिटातला खरा दुसरा बँड वेगळा ओळखू येतो: खरा दुसरा अ‍ॅलील स्वतःच्या पायऱ्या घेऊन येतो.

एखाद्या नमुन्यात बँडच आला नाही तर तीनदा करून पाहा. बाकी सगळे मार्कर त्या डीएनएवर नीट चालत असतील आणि हा एकच दर वेळी रिकामा येत असेल, तर प्रायमर बसण्याच्या जागीच बदल झाला असावा. त्याला ‘शून्य अ‍ॅलील’ म्हणून वेगळे चिन्ह द्या. ‘माहिती नाही’ आणि ‘शून्य अ‍ॅलील’ यांना एकाच रिकाम्या चौकटीत कोंबू नका. वाचन दोघांनी एकमेकांचे न बघता करावे आणि जिथे पटत नाही तिथेच पुन्हा जेल बघावे.

तक्ता गाळणे

२० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या असलेले नमुने आणि मार्कर बाजूला काढा. एका रोपाच्या डीएनएत १०-१५ टक्क्यांहून जास्त मार्कर विषमयुग्मी दिसले, तर भातात ते संशयास्पद आहे: अलीकडचा संकर असेल, नाहीतर नळ्यांची अदलाबदल.

पुढे एक सवय मोडावी लागते. संबंध-अभ्यास (कोणता मार्कर कोणत्या गुणाशी जोडलेला ते शोधणारा अभ्यास) करणारे लोक ५ टक्क्यांहून कमी वारंवारतेचे अ‍ॅलील डोळे झाकून गाळतात, कारण त्यांच्या आकडेमोडीला ते त्रासदायक असतात. जनुककोशात तेच तर राखायचे असते. एकाच नमुन्यात सापडलेला अ‍ॅलील खरा आहे का, हे पुन्हा पीसीआर करून ठरवा. खरा असेल तर त्या नमुन्यापुढे ठळक खूण करा.

मोजमाप

प्रत्येक मार्करला अ‍ॅलील किती, जनुकीय विविधता किती आणि पीआयसी किती, हे तीन आकडे लागतात. समजा एका मार्करचे तीन अ‍ॅलील ०.६, ०.३ आणि ०.१ या वारंवारतेने आहेत. वर्गांची बेरीज ०.३६ + ०.०९ + ०.०१ = ०.४६. जनुकीय विविधता १ − ०.४६ = ०.५४. पीआयसीसाठी यातून आणखी थोडे वजा होते (प्रत्येक जोडीच्या वर्गांच्या गुणाकाराची दुप्पट; इथे ०.०७४), म्हणून ती सुमारे ०.४६६. हे एकदा हाताने करून पाहिले की सॉफ्टवेअरच्या तक्त्याची भीती जाते. पुढे जेनअ‍ॅलेक्स किंवा ‘आर’ मधली अ‍ॅडेजेनेट, पॉपर आणि हायरएफस्टॅट ही पॅकेजे पुरेशी आहेत, सगळी विनाशुल्क.

कोकणाचे ९० नमुने आणि मावळचे २५ यांची तुलना करताना नुसती अ‍ॅलीलसंख्या शेजारी ठेवू नका. जास्त नमुन्यांत जास्त अ‍ॅलील सापडणारच. दोन्हींकडून २५-२५ नमुन्यांच्या मापाने रेअरफॅक्शन (सारख्या नमुनासंख्येला किती सापडले असते तो हिशेब) करून मग बोला.

गट पाडणे

आधी प्रधान समन्वय विश्लेषणाचा (जवळचे नमुने जवळ, लांबचे लांब दाखवणारा) आलेख काढा. निप्पोनबारे आणि आयआर ६४ त्यात दोन टोकांना पडायला हवेत. नाही पडले तर पुढे जाऊ नका, मागे काहीतरी बिघडले आहे. भाताचे इंडिका, ऑस, सुगंधी, उष्ण कटिबंधीय जपोनिका आणि समशीतोष्ण जपोनिका असे पाच गट एसएसआरवरही उमटतात, हे २००५ मध्येच दाखवले गेले आहे. सुवास आहे म्हणून आपले सगळे सुवासिक वाण बासमतीच्या गटात जाऊन बसतील असे गृहीत धरू नका. सुवासाचे जनुक आणि वंशावळ या वेगळ्या गोष्टी आहेत.

नमुन्यांचे गट पाडणारे स्ट्रक्चर हे सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात दिसते. ते गृहीत धरते की गटातली रोपे आपापसांत मुक्तपणे संकरित होतात. भात तसे करत नाही. निकाल अगदीच खोटा येतो असे नाही, पण नको तितके गट पडण्याचा धोका राहतो. शिवाय गटसंख्या ठरवायची एव्हानो पद्धत ‘गट एकच आहे’ हे उत्तर देऊच शकत नाही. म्हणून भातासारख्या पिकात डीएपीसी (असे गृहीतक न लागणारी गट पाडण्याची पद्धत) सोबत चालवा आणि दोन्हींचे जिथे पटते तेवढेच ठामपणे लिहा. वृक्षाकृती काढाल तर फांद्यांवर बूटस्ट्रॅपचे (फांदी किती भरवशाची ते सांगणारे) आकडे द्या. ३६ मार्करवर बऱ्याच फांद्या लटपटतात आणि वाचणाऱ्याला ते कळायला हवे.

जुळी पाकिटे: सर्वांत नाजूक पायरी

समजा तुमच्या पुन्हा घेतलेल्या नमुन्यांत १०० वाचनांमागे एक वाचन जुळले नाही. मग ३६ मार्करवर एकाच बियाण्याच्या दोन नमुन्यांत सरासरी ०.३६ फरक नुसत्या चुकीमुळे दिसतो. एकाच बियाण्याच्या २० जोड्या तपासल्या तर साधारण एकीत दोन किंवा अधिक ठिकाणी फरक येईल. तीन किंवा अधिक ठिकाणी येण्याची वेळ हजारात पाच-सहा जोड्यांवर. म्हणून शून्य ते दोन फरक असलेल्या जोड्या ‘संभाव्य जुळी’, आणि तीन किंवा अधिक फरक असलेल्या ‘वेगळी’. तुमच्या चुकांचा दर वेगळा असेल तर ही रेषाही हलेल. दुसऱ्याच्या निबंधातून ९५ टक्के साम्याची रेषा उचलू नका.

संभाव्य जुळी म्हणजे जुळी नव्हेत. ३६ जागा सारख्या निघाल्या तरी ३९ कोटी बेसच्या आसपासच्या जीनोममध्ये बाकी काय आहे ते ठाऊक नाही. एका जनुकातल्या बदलाने तूस काळे होते, फुलोरा पंधरा दिवस पुढे जातो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तो वेगळा वाण असतो. म्हणून प्रत्येक संशयित जोडी एका खरिपात शेजारी लावा, पन्नास टक्के फुलोऱ्याचा दिवस, उंची, तुसाचा आणि तांदळाचा रंग, कुसळ, हजार दाण्यांचे वजन नोंदवा. गावातल्या जाणत्या बाईला दोन्ही लोंब्या दाखवा. सगळेच जुळले तर नोंदी एकमेकींना जोडा, पुनरुत्पादन एकाचेच करा, आणि दुसऱ्याचे उरलेले बी दीर्घकालीन साठ्यात ठेवून द्या. फेकू नका.

प्रातिनिधिक संच

गाभा संग्रहाची (अशा छोट्या प्रातिनिधिक संचाची) कल्पना १९८४ मध्ये मांडली गेली आणि दहा टक्के नमुन्यांत बहुतांश विविधता बसवायची हा ढोबळ नियम पुढे रूढ झाला. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने पुढे जाऊन गाभ्याचाही गाभा केला. त्यांचा ज्वारीचा लघुसंच २४२ नमुन्यांचा आहे. आर मधले कोअरहंटर हे काम करते. त्याला काय हवे ते सांगावे लागते: जास्तीत जास्त अ‍ॅलील पकडायचे, की निवडलेले नमुने एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर हवेत. पैदासकारासाठी दुसरे, जतनासाठी पहिले. केवळ मार्करवर निवड करू दिली तर खारजमिनीतले दोन आणि वरकस जमिनीतला एखादा नमुना सहज गळतो, कारण तटस्थ मार्करांवर ते शेजाऱ्यांसारखेच दिसतात. असे नमुने हाताने ‘हवेतच’ म्हणून आधी ठेवा आणि बाकीची निवड सॉफ्टवेअरवर सोपवा.

पुनरुत्पादनानंतरची तपासणी

अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या मानकांनुसार दीर्घकालीन साठा उणे १८ अंशांना ठेवायचा आणि उगवण सुरुवातीच्या ८५ टक्क्यांखाली गेली की पुनरुत्पादन करायचे. गावरान मिश्र वाणात त्या वेळी मोजकीच रोपे लावली की दुर्मीळ ओळी गळतात. जुन्या बियाण्याची आणि नव्या बियाण्याची २४-२४ रोपे दहा-बारा मार्करवर तपासा. एखादा अ‍ॅलील हरवला असेल तर नमुना लहान घेतला किंवा शेतात निवड झाली. पूर्वी नसलेला अ‍ॅलील आला असेल तर शेजारच्या वाफ्याकडे संशयाने पाहा. पुनरुत्पादन होताच जुने बी संपवायचे नाही ते याचसाठी.

नोंद आणि परवानगी

मार्कर, अ‍ॅलीलची बेसमधली लांबी, निप्पोनबारे व आयआर ६४ ची वाचने आणि कच्च्या जेल-प्रतिमा पासपोर्ट माहितीला जोडून ठेवा. ‘बँड अ, बँड ब’ अशा नोंदी पुढच्या माणसाला निरुपयोगी. डीएनए किंवा बी परदेशातल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचे असेल तर जैवविविधता कायदा २००२ खाली कोणती परवानगी लागते ते राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी विचारून घ्या, नमुने कुरिअरला दिल्यावर नव्हे. नमुने गावच्या बीज बँकेतून आले असतील तर निकाल मराठीत, नावांसकट, तिथे पोचवा. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ खाली शेतकऱ्यांचा वाण म्हणून नोंदणी करायची असल्यास शेतातल्या गुणांच्या नोंदींसोबत हा मार्करचा तक्ताही पूरक म्हणून जोडता येतो, आणि त्या वेळी जोडीच्या चाचणीत लिहिलेले फुलोऱ्याचे दिवस आणि दाण्यांची वजने पुन्हा कामाला येतात.